घड्याळ उजव्या हातात

घाटकोपरच्या त्या सोसायटीच्या हॉल-बुकिंगच्या वहीत आमच्या गटाची नोंद 'जपानी साहित्य वाचन (शांततेत)' अशी आहे. कंसातला शब्द सेक्रेटरी काकांचा. नोंद करण्याआधी त्यांनी मला समोर बसवून रीतसर चौकशी केली होती. चित्रांची पुस्तकं म्हणजे लहान मुलांची का, असं विचारलं. मी म्हटलं, मोठ्यांची. मोठ्यांची म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तसली नाहीत हो काका," मी घाईघाईने म्हटलं. "दोन बायकांच्या प्रेमाची गोष्ट आहे, पण चार खंड झाले तरी एकीचा हात दुसरीला लागलेला नाही."

"चार खंड?" काकांना त्या दोघींची दयाच आली. "बरं. पण मी स्वतः हजर राहणार. मागे वाढदिवसवाल्यांनी भिंतीला फुगे चिकटवले, सगळा रंग निघाला."

जपानी चित्रकथांना मांगा म्हणतात आणि त्यातल्या बायकांच्या आपसातल्या प्रेमकथांना युरी. आमची गोष्ट समुद्रकाठच्या एका लहान गावातली होती. एक पोस्टात कामाला, दुसरी बदली होऊन आलेली शाळेतली बाई. बाई रोज पत्र टाकायला येते, पोस्टातली रोज शिक्का मारते, आणि दोघी हवामानावर बोलतात. एवढ्या भांडवलावर आम्ही सात महिने दर रविवारी दोन-दोन तास चर्चा केली.

नियमित येणारे आम्ही पाच. त्यातले एक बोरिवलीचे दाताचे डॉक्टर. ते खिशात भिंग बाळगायचे आणि दोघींची नजरानजर किती चौकटींत झाली ते मोजून आणायचे. एक कॉलेजातली मुलगी, जी कशालाही 'सबटेक्स्ट', म्हणजे आत दडलेला अर्थ, म्हणायची आणि रविवारची चर्चा सोमवारी व्हिडिओ करून टाकायची. सेक्रेटरी काका पहिले दोन रविवार पेपर वाचत बसले. तिसऱ्या रविवारी पेपर खाली करून म्हणाले, "पोस्टातली आज एवढी गप्प का?" त्या दिवसापासून ते सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडायला आणि वहीत चर्चेची टिपणं काढायला लागले.

चौथी मी. मुलुंडला स्टेशनबाहेर लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात मी डिझाइनचं काम करते. दिवसभर लोकांचे चि. आणि चि. सौ. कां. एका ओळीत बसवायचे आणि मध्ये गणपती. घरी आल्यावर मी आमची गोष्ट मराठीत करायची. इंटरनेटवर कुणीतरी इंग्रजीत केलेली पानं घ्यायची, संवादाच्या फुग्यांतली अक्षरं पुसायची, तिथे मराठी बसवायचं आणि पाच प्रती काढायच्या. ही सरळसरळ चोरी होती. काकांना मी ते सांगितलं नाही, कारण मग त्यांना वहीत वेगळा रकाना पाडावा लागला असता.

पाचवी ती. विक्रोळीची, एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. तिचे आजोबा परभणीकडून येऊन तिथल्या कारखान्यात लागले, तेव्हापासून घर विक्रोळीतच. कमी बोलायची, आणि बोलली की काकासुद्धा पेन थांबवायचे. एकदा मी तिला विचारलं, तुझ्या कामात अवघड काय असतं? ती म्हणाली, "काही नाही. डावं-उजवं चुकलं नाही पाहिजे. चुकलं तर चांगल्या गुडघ्याचं ऑपरेशन." ती फिल्मवर शिशाची छोटी अक्षरं ठेवायची, ही बाजू डावी, ही उजवी. ते ऐकून मला हसू आलं होतं. हे वाक्य मी नीट लक्षात ठेवायला हवं होतं.

आता स्पष्टच सांगते. मला जपानी साहित्याची आवड होती, पण मुलुंडहून दर रविवारी बस पकडून येण्याइतकी नव्हती. मी तिच्यासाठी यायचे. ती शेजारी बसली की मला पान वाचता यायचं नाही, आणि ती आली नाही की हॉलमध्ये बसवायचं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच. आणि जिथे हे सांगायला जगातली सर्वांत सोपी जागा असायला हवी, तिथे आम्ही संत्र्याच्या सालीवर बोलत होतो.

दुसऱ्या खंडात पोस्टातली संत्रं सोलते आणि अर्धं तिला देते. यावर तीन रविवार गेले. डॉक्टर म्हणाले, साल अखंड निघाली आहे, म्हणजे मन अजून उघडलेलं नाही. कॉलेजवाली म्हणाली, उलट, सोलणं हेच कबुली देणं आहे. काकांनी सांगितलं की संत्रं अर्धं दिलं म्हणजे पोस्टातलीची पगारवाढ रखडली असणार. मग चहा आला आणि डॉक्टर बशीत चहा ओतत म्हणाले, "जपानची गोष्ट वेगळी हो. आपल्याकडे असं कुठे असतं?" काकांनी मान हलवली. त्यांच्याच बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन बायका सहा वर्षं एकत्र राहत होत्या, एकच स्कूटर, एकच मांजर. काका त्यांचं फार कौतुक करायचे. "अगदी सख्ख्या बहिणींसारख्या राहतात. मेंटेनन्स एक तारखेला."

हा असा गट. सालीत कबुली दिसायची, तिसऱ्या मजल्यावर फक्त मांजर दिसायचं.

मूळ घोटाळा काकांच्या सोयीसाठी झाला. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आम्हाला सवय झाली होती; काका मात्र आयुष्यभर जसं वाचत आले तसंच वाचायचे. त्यामुळे ते आधी उत्तर वाचायचे आणि मग प्रश्न. "संवाद फार गूढ आहेत," असं ते म्हणायचे आणि बायकोलाही जाऊन सांगायचे. मला वाईट वाटलं. चौथ्या खंडात बसस्टॉपचा मोठा प्रसंग आहे. थंडी पडलेली, पोस्टातली स्वतःचा मफलर काढून बाईंच्या गळ्यात बांधते. मी ठरवलं, हा प्रसंग काकांना डावीकडून उजवीकडे देऊ. कम्प्युटरवर चित्र आरशातल्यासारखं उलटवायची कमांड असते. चार पानं उलटवली. तेवढ्यात दुकानात लग्नाचा सीझन सुरू झाला, एका पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या जागी त्याच्या मोठ्या भावाचं नाव छापलं गेलं, आणि त्या गदारोळात पुढची पानं उलटवायची राहिली. कुणाला सांगायचंही राहिलं. पाच प्रती तशाच निघाल्या.

रविवारी हॉलमध्ये पंधरा मिनिटं सगळे पानं पुढे-मागे करत होते. मग डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "घड्याळ."

बाईंच्या डाव्या मनगटावर पहिल्या खंडापासून घड्याळ होतं. बसस्टॉपच्या चार पानांत ते उजव्या मनगटावर होतं. पाचव्या पानावर परत डाव्या.

"आणि काळही तुटलाय," कॉलेजवाली जवळजवळ उभीच राहिली. ती सवयीप्रमाणे उजवीकडून वाचत होती. "आधी मफलर बाईंच्या गळ्यात आहे, मग दोघींच्या हातात, मग पोस्टातलीच्या गळ्यात. ती बांधत नाहीये. सोडवतेय. टाइम उलटा चाललाय यार."

"मला तर बांधताना दिसतेय," काका म्हणाले.

"काका, हे असं सरळ वाचायचं नसतं," डॉक्टरांनी त्यांना सांभाळून घेतलं. काका ओशाळले. हॉलमध्ये एकटा बरोबर वाचणारा माणूस, आणि त्याला कलेतलं कळत नाही म्हणून गप्प केलं गेलं.

मला आत्ता कळलं होतं की मी काय करून ठेवलंय. चूक कबूल करायला मी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी शेजारून ती बोलली.

"मला एक वाटतं," ती म्हणाली. "आपण समोरासमोर उभं राहिलो तर माझा उजवा हात तुझ्या डाव्या हातासमोर येतो. घड्याळ सगळे डाव्या हाताला बांधतात. बाईंनी ते अशा हाताला घेतलं की ते समोरचीच्या घड्याळाच्या जागेवर आलं. म्हणजे तेवढ्या चार पानांपुरता त्यांचा वेळ त्यांचा नाही. तिचा आहे."

'तुझ्या' म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं होतं. समजवायला कुणीतरी समोर लागतं म्हणून पाहिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. काकांनी वहीत ते शब्द न शब्द उतरवून घेतले. डॉक्टरांनी टाळी वाजवली. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. इतक्या सुंदर बोलण्याखाली मी आता एका कमांडचा सुरुंग कसा लावणार? तिचा अपमान झाला असता. मी ठरवलं, हे माझ्याबरोबरच जाईल.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा तिचं स्वतःचं घड्याळ उजव्या हातात होतं. कॉलेजवालीने त्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, याला म्हणतात वाचकाने पुस्तक अंगात भिनवणं. ती माझ्याशेजारी बसली आणि हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"पट्ट्याची ॲलर्जी आली का गं डाव्या हाताला?" मी विचारलं. "माझ्याकडे क्रीम आहे."

खरंच विचारलं. क्रीमही दिलं. तिने ते घेतलं आणि म्हणाली, "थँक्यू हं."

त्यानंतर काही आठवड्यांनी, हॉलवरून परतताना हायवेच्या बसस्टॉपवर तिने मला सांगितलं की तिच्या हॉस्पिटलची हैदराबादला नवी शाखा निघतेय आणि तिथल्या एक्स-रे विभागाची प्रमुख म्हणून तिला विचारलंय. तीन वर्षं तरी जावं लागेल. "घेऊ का?" तिने विचारलं.

माझ्या मनात एकच शब्द होता, नको. मी म्हटलं, "घे ना. चांगली संधी आहे. हेड होशील."

"नक्की?"

"अगं म्हणजे काय, विचार काय करायचा त्यात?"

तिने उजव्या हातातलं घड्याळ पाहिलं आणि मग आम्ही पाचव्या खंडावर बोललो. बाई पोस्टातलीला एक प्रश्न विचारते आणि पोस्टातली शिक्का मारत राहते, असा प्रसंग होता. पोस्टातलीला तिच्या मनातलं ओळखता कसं येत नाही, यावर मी बस येईपर्यंत चांगलं विवेचन केलं. मला माझं बोलणं आवडलंसुद्धा.

घरी आईने विचारलं, "गो, तोंड कित्याक पाडलंस?" मी म्हटलं, काही नाही, दुकानात काम जास्त आहे. आईने भात वाढला आणि त्या रात्री मला फार रडू आलं. ती जाणार, याचं रडू होतं. मीच तिला जा म्हटलं, याचं त्याहून जास्त.

मग तो रविवार उजाडला. डॉक्टरांच्या भाच्याने परदेशातून मूळ जपानी छापील खंड पाठवला होता. डॉक्टरांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढला, टेबलावर ठेवला, बसस्टॉपचं पान उघडलं आणि काही न बोलता भिंग त्यावर ठेवून आमच्याकडे सरकवलं.

घड्याळ डाव्या हातात होतं. चारही पानांत.

"आपल्या प्रतीत असं कसं?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज एकदम दवाखान्यातला.

मी सांगितलं. काकांना सोपं जावं म्हणून चार पानं उलटवली, मग विसरले, मग सांगायचं धाडस झालं नाही.

"म्हणजे माझे तिन्ही व्हिडिओ," कॉलेजवाली म्हणाली. "लोक कमेंटमध्ये रडलेत गं ताई. वाट लावलीस तू माझी."

डॉक्टर म्हणाले की अनुवादकाला एक जबाबदारी असते. ते बराच वेळ म्हणत राहिले. काकांनी तेवढ्यात वही उघडून तारीख घातली आणि मोठ्याने वाचत लिहिलं: मागील सभांतील घड्याळाविषयीचे सर्व निष्कर्ष रद्द समजण्यात यावेत, मफलर बांधला जात होता, हे सेक्रेटरींचे म्हणणे बरोबर होते. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मी काकांचा इतका आनंदी चेहरा आधी कधी पाहिला नव्हता.

ती सही करून उठली. माझ्याकडे न बघताच निघाली. मला वाटलं, झालं, आता ही माझ्याशी कधीच बोलणार नाही.

हायवेच्या बसस्टॉपवर मी तिला गाठलं. "सॉरी," मी म्हटलं. "तू इतकं छान बोललीस त्या दिवशी. मला तुझा पचका करायचा नव्हता."

"मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पान उलटं आहे ते. बाईंच्या गालावर तीळ आहे. माणूस घड्याळ हात बदलून घालेल, तीळ कसा बदलेल? सगळे घड्याळच बघत बसले." ती थोडं हसली. "डावं-उजवं बघण्याचाच पगार घेते ना मी."

"मग ते सगळं का बोललीस?"

"तू कबूल करणार होतीस, दिसत होतं. डॉक्टरांनी आज जेवढं झापलं तेवढं तेव्हाच झापलं असतं. म्हणून म्हटलं काहीतरी बोलूया. सुरुवातीला काहीतरीच होतं. बोलता बोलता खरं झालं."

मी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. घड्याळ तिथेच होतं.

"हे तुला दिसावं म्हणून घातलं," ती म्हणाली. "आणि तू मला क्रीम दिलंस."

मी सात महिने प्रतीकं शिकले होते. संत्र्याची साल, छत्रीची काडी, चहाची वाफ. आता एकही कामाला येईना. मी म्हटलं, "जाऊ नकोस. मी खोटं बोलले. मला तू हवी आहेस, इथे, माझ्याजवळ. मैत्रीण म्हणून नाही."

तिने डोळे मिटले. बस आली, थांबली, गेली.

"शुक्रवारी सही करून दिली गं," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत थांबले होते मी."

तिने माझा हात धरला. बसस्टॉपवर चार माणसं होती, कुणी बघितलं नाही. आम्ही आणखी तीन बसेस सोडल्या. त्या दिवशी मला जितका आनंद झाला तितकाच माझा स्वतःचा राग आला, आणि दोन्ही अजून उतरलेले नाहीत.

ती गेली त्याला आता आठ महिने झाले. महिन्यातून एकदा मी रात्रीच्या बसने हैदराबादला जाते. आईला सांगितलंय कुणाकडे जाते ते. पूर्ण सांगितलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने डब्यात कुळथाची पिठी भरून दिली आणि म्हणाली, तिका सांग, जास्त पाणी घालू नको.

गटाने मला माफ केलं, कारण दुसरं कुणी फुकट अनुवाद करायला तयार नव्हतं. रविवारी ती हैदराबादहून फोनवर हजर असते. काका फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात. तिने घड्याळ कोणत्या हाताला घातलंय हे फोनमधून नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टरांचं मत आहे, कारण काही फोन उलटं दाखवतात. मला विचारायची गरज पडत नाही.

परवा सातवा खंड झाला. त्यात बाईंची बदली होते आणि त्या गाव सोडून जातात. शेवटच्या पानावर रिकामं बाकडं. डॉक्टर म्हणाले, बाकड्याला चार फळ्या आहेत आणि ऋतूही चार. कॉलेजवाली म्हणाली, हे बाकडं म्हणजेच पोस्टातलीचं शरीर. काका म्हणाले, बाकडं रंगवायला झालंय. मग सगळे माझ्याकडे वळले.

"मला काही वेगळं वाटत नाही," मी म्हटलं. "पोस्टातलीने तिला वेळेवर थांब म्हणायला हवं होतं."

"छान निरीक्षण," काका म्हणाले आणि वहीत लिहू लागले.

तांब्याजवळून आवाज आला. "तिने म्हटलं होतं. उशिरा म्हटलं, पण म्हटलं."

डॉक्टरांनी खिशातून भिंग काढलं. कॉलेजवाली भराभरा मागची पानं काढू लागली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोनकडे वाकून विचारलं, "कोणत्या पानावर?"